तेरहून औंढ्याला

मंगळवार : लातूर, तेर, बीड

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, होऊन दोन आठवडे झाले तरी रानातल्या कोपी उभ्याच होत्या. मुरूड सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी, हरभरा, मधेच करडईचा काटेरी पट्टा. त्यात एखादी कोप, कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेली, आता वाळून पिवळी पडलेली. लातूर-धाराशिवकडची माणसं वेळ अमावास्येला घरदार घेऊन रानात जातात, कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आंबील, भज्जी, उंडे खातात. लहानपणी त्या दिवशी मी पाहुण्यांच्या कलकलाटातून सुटायचे आणि कोपीत पांडवांच्या मागं जी वीतभर जागा उरते तिथं जाऊन बसायचे. कडब्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा यायच्या, त्यात धूळ तरंगायची. मी रेघा मोजायचे. बाहेरून काकूचा आवाज यायचा, "ती घुमी कुठं गेली बघा गं!"

गेल्या वर्षी, सदतिसाव्या वर्षी, पुण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी चार बैठका घेतल्या आणि सांगितलं की मला ऑटिझम आहे, जोडीला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि शरीर एका जागी ठरणं अवघड जाणं, तेही आहे. ही दोन निदानं एकाच माणसाला एकत्र द्यायला अमेरिकी निदानपुस्तिकेने परवानगी दिली तीच मुळी २०१३ साली. त्याआधी कुणी माझी तपासणी केली असती तरी अर्धंच सांगितलं असतं.

अहवाल इंग्रजीत होता. आईला समजावून सांगायला मराठी शब्द शोधला, तर 'स्वमग्नता' मिळाला. आईने तो दोनदा म्हणून बघितला. "म्हंजी स्वतःतच गुंग? पण तू कुठं स्वतःकडं बघतीस? केस विंचरायचं ध्यान राहत नाही तुला." तेव्हापासून हा शब्द मला भाकरीतल्या खड्यासारखा लागतो. नंतर वाचलं की 'ऑटिझम' हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं एक लक्षण सांगण्यासाठी वापरला होता, आणि त्यातलं 'ऑटो' म्हणजे ग्रीक भाषेतलं 'स्वतः'. १९४३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना तोच शब्द उचलला. आपण त्याचं भाषांतर केलं आणि तो 'स्व' आपल्या लेकरांना चिकटला.

मी शाळेत चित्रकला शिकवते. आपल्याच मुलखातली कारागिरी, लेणी, देवळं या नव्या माहितीसकट पुन्हा बघावीत असं फार मनात होतं. आई म्हणाली, मीबी येते. भावाने गाडी काढली. मी वहीत वारांचं गणित मांडलं: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, औंढ्याला सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. म्हणून मंगळवारी निघायचं आणि शनिवारी औंढा गाठायचं. असं आखून ठेवलं की मला झोप लागते.

पहिला मुक्काम तेर. ढोकीवरून आत वळलं की तेरणेच्या काठी हे गाव. रोमनांशी व्यापार करणारं 'तगर' ते हेच. शासकीय वस्तुसंग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी उभी हयात गोळा केलेल्या वस्तू आहेत: सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या. हस्तिदंताची एक बाईची मूर्तीही तेरला मिळाली, आणि तिच्यासारखीच एक इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. लोक ती बघायला येतात. मी मण्यांपाशी थांबले. एकेका मण्याचं भोक न्याहाळत गेले. काही भोकं मधोमध नव्हती, दोन्ही बाजूंनी पोखरत आल्यावर आत जराशी चुकामूक झालेली. दोन हजार वर्षांपूर्वी तेरला कुणीतरी बसून हे पोखरत होतं, आणि त्याच्या हाताची ती चुकामूक मला दिसत होती. भावाने घड्याळ दाखवलं तेव्हा कळलं, पाऊण तास गेला होता.

मग गोरोबाकाकांचं मंदिर. तेरमध्ये त्यांना काकाच म्हणतात. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातल्या थापटण्याकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग इथं कोण कच्चं ते बघा की, म्हणाली ती. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे मुकाट बसले. नामदेवांना ते सोसवलं नाही. गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं.

सहा-सात वर्षांची असताना याच ओट्यावर मी ही गोष्ट कीर्तनात ऐकली. सगळे हसले होते. मी मात्र डोक्यावर दोन्ही हात ठेवून बसले, कारण मला ते थापटणं लागलं होतं. तेव्हाही आणि आजही, कुणी सहज, मायेने डोक्यावर हात ठेवला तर मानेपासून कमरेपर्यंत चटका उतरतो. सणावाराला मावश्या, आत्या जवळ घ्यायला आल्या की मी किंचाळायचे. त्या दिवशीच्या कीर्तनानंतर घरात माझं नावच पडलं, कच्चं मडकं. आज तिथं उभी राहून आईला विचारलं, नामदेवांना राग आला होता की नुसतंच दुखलं होतं, हे कुणी विचारलं असेल का? आई बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी येडशीचा घाट उतरून बीडकडं जाताना म्हणाली, "आमी तुला लई चिडवलं."

बुधवार : पैठण

बीड, गेवराई, शहागड, पाचोड. उसाच्या ट्रॉल्यांमुळं रस्ता अडलेला, त्यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

पैठणी विणतात तिथं आधी आवाजाची धास्ती होती, म्हणून कानावर हेडफोन चढवूनच गेले. आत गेल्यावर काढून ठेवले. मागाचा आवाज एका लयीत येतो, आणि पुढचा ठोका कधी येणार ते कळत असेल तर मला आवाजाचा त्रास होत नाही. एक पन्नाशीच्या बाई काठावर मुनिया विणत होत्या, बोटाच्या पेराएवढा हिरवा पोपट, चोचीला लाल. उभ्या धाग्यांवर रंगीत रेशमाच्या बारीक बारीक तिल्ल्या लोंबत होत्या, प्रत्येक रंगाची वेगळी. पोपटाच्या पोटाचा हिरवा संपतो तिथं दुसऱ्या रंगाचा धागा त्याच्यात अडकवून परत फिरवायचा, पुढं न्यायचा नाही. म्हणून पैठणीच्या मागं लोंबते धागे नसतात, उलटी धरा नाही तर सुलटी, पोपट तोच. मी त्यांच्या बोटांकडं बघत उभी राहिले. चोचीसाठी बाईंनी चार तारा उचलल्या, लाल तिल्ली खालून काढली, नखाने धागा दाबला, परत चार तारा. किती वेळ गेला कोण जाणे. चोच संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "तुम्ही लई वेळच्या उभ्या आहात."

आईला वाटलं, आता माफी मागायला हवी. "हिचं असंच आहे, एकदा बघायला लागली की भान नसतं."

"मग बरंय की," बाई म्हणाल्या. "अशा पोरी टिकतात इथं. मोजत बसली तर तार चुकती. तंद्री लागावी लागती."

तंद्री. ध्यान. नाद. गुंगी. मराठीत केवढे शब्द आहेत, आणि एकातही 'स्व' नाही. बाईंना स्वतःचा विसर पडला होता म्हणून पोपट उतरत होता.

दुपारी नाथांच्या वाड्यात गेलो, मग गोदावरीच्या घाटावर. नाथांची एक गोष्ट मला फार जवळची आहे. भर उन्हात वाळवंटात एक लेकरू तापलेल्या वाळूत पाय पोळून रडत होतं, आईपासून चुकलेलं. ज्याला शिवायचं नाही असं जग म्हणायचं त्या वस्तीतलं. नाथांनी उचलून कडेवर घेतलं आणि घरी पोचवलं. रडतं कशाला, असं त्याला विचारलं नाही. वाळू तापली आहे हे ते धरूनच चालले. मला आयुष्यभर लोकांनी उलट विचारलं आहे: एवढं काय लागतं तुला, आम्हाला तर नाही लागत.

पण त्याच नाथांच्या भारुडांत 'मुका' आहे, 'बहिरा' आहे, आणि तिथं वाचा जाणं, ऐकू न येणं हे माणसाच्या चुकांचं फळ म्हणून येतं. रूपक आहे हे मला कळतं. तरी शाळेच्या संमेलनात ते सोंग आणतात तेव्हा माझ्या वर्गातल्या न बोलणाऱ्या मुलाकडं माझं लक्ष जातं, आणि मला ते भारूड बसवायचं नसतं. नाथांवर माया ठेवूनच मी हे म्हणते.

रात्री शहरात, छत्रपती संभाजीनगरला, मुक्काम. लॉजच्या मागंच मंगल कार्यालय निघालं. साडेनऊला डीजे सुरू झाला. हेडफोनने वरचे आवाज अडतात, खालचे जमिनीतून पायात येतात. खिडकीची काच थरथरायला लागली. किल्लारीच्या भूकंपाला मी सहा वर्षांची होते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत सगळं झालं. आम्ही लातूर शहरात, घर उभं राहिलं, पण खिडक्यांचा तो थरथराट माझ्या हाडांत राहिला. नंतर कित्येक महिने सगळा जिल्हा भांडं पडलं तरी दचकायचा, अंगणात झोपायचा. तेवढ्या काळापुरती मी सगळ्यांसारखी होते, किंवा सगळे माझ्यासारखे.

मी न्हाणीघरात गेले, दिवा बंद केला, ओला टॉवेल डोक्याभोवती घट्ट गुंडाळून फरशीवर बसले आणि पुढंमागं झुलत राहिले. याला मेल्टडाऊन म्हणतात. हा राग नसतो, हट्टही नसतो. सोसण्याची हद्द संपली की शरीर स्वतःच कडी लावून घेतं. एरवी अशा वेळी आई दार वाजवायची, काय झालं, बोल, बाहेर ये. आज दाराला टेकून बाहेर फरशीवर बसली. मला तिच्या बांगड्या फरशीला लागल्याचा आवाज आला. ती काही म्हणजे काही बोलली नाही. दीड तासाने मी बाहेर आले तेव्हा तिथंच बसून होती.

डेमियन मिल्टन नावाचे एक ऑटिस्टिक अभ्यासक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही ही निम्मीच गोष्ट आहे. न कळणं दोन्हीकडून असतं, इतरांनाही आमचं मन कळत नाही. मी हे आईला कधी वाचून दाखवलं नव्हतं. ती दाराशी बसली तेव्हा त्याची गरजही उरली नाही.

गुरुवार : वेरूळ

सकाळी आठला वेरूळ गाठायचं, असं वहीत लिहिलं होतं. उठवलंच नाही मला. अकराला पाणचक्कीवर जाऊन हौदाच्या काठी बसलो. लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी तिथं उंचावरून एकसारखं कोसळत असतं. तो आवाज बाकी सगळे आवाज पुसून टाकतो. तासाभरात माझे खांदे खाली आले.

त्यामुळं वेरूळला पोचायला तीन वाजले, आणि हे बिघडलेलं वेळापत्रकच कामाला आलं, कारण वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. दहाव्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुतार की झोपडी म्हणतात, कललेलं ऊन वरच्या खिडकीतून आत येतं. छताला दगडाच्या वक्र फासळ्या आहेत, लाकडी वाशांसारख्या. लाकडाचं छत दगडात कशाला कोरायचं? लाकडाची सवय असलेल्या हातांना दगडातही त्याच फासळ्या हव्या होत्या, असं मला वाटतं. एका मार्गदर्शकाने पर्यटकांसाठी एक सूर लावला. तो छताला लागून खाली आला, फासळ्याफासळ्यांतून, आणि मोठा होत होत विरला. मला आवाजाची भीती वाटते असं माझं मलाच वाटत आलं होतं. मी खांबाआड जाऊन हळूच हुंकार दिला, मग पुन्हा, मग पुन्हा. छातीत घुमत होतं. घुमी म्हणायची काकू, त्या शब्दात घुमणं आहे हे त्या खांबाआड लक्षात आलं. आई दुसऱ्या खांबापाशी उभी होती. "अजून कर," म्हणाली.

कैलासाबद्दल काय लिहायचं? एकूण चौतीस लेणी, त्यातलं हे सोळावं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. डोंगराला तीन बाजूंनी चर मारून मधला दगड सुटा केला आणि वरून खाली कोरत आले, कळस आधी, पाया शेवटी. जे दिसतं ते घडवलेलं नाही, उरवलेलं आहे. यात चूक झाली तर परत चिकटवायला काही नाही. बहुतेक जण समोरून आत शिरतात, हत्ती बघतात, फोटो काढतात. मी आधी बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघितलं. मला एखादी गोष्ट समजते ती अशीच, तिच्या सगळ्या बारकाव्यांसकट एकदम. समोरून, टप्प्याटप्प्याने, 'आधी महत्त्वाचं सांग' असं कुणी म्हटलं की माझी गाळण उडते. इथं कारागिराने ज्या दिशेने विचार केला त्याच दिशेने मला बघता आलं.

मग खाली उतरून भिंतीपाशी गेले. चराच्या भिंतीवर छिन्नीचे घाव आजही आहेत, तिरपे, जवळजवळ, करंगळीएवढे. मूर्तींवर ते घासून काढले, इथं काढायचं कारण नव्हतं. एका वीतभर जागेतले मी वहीत उतरवले. घाव एकाच कलाने चालले होते. मधे एके जागी कल बदलला होता, पुढं पुन्हा जुन्याच कलाने. तिथं माणूस बदलला असेल, किंवा त्याच माणसाने हात बदलला असेल.

बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात या मंदिराबद्दल लिहिलं आहे. देव विमानातून जाताना बघून थक्क झाले, आणि ज्याने हे घडवलं तो कारागीरसुद्धा बघून म्हणाला, अरे, हे मी कसं केलं? कॉलेजात हे वाचलं तेव्हा राजाची स्तुती म्हणून सोडून दिलं होतं. आता वाटतं, हे कुणीतरी कारागिराच्या तोंडून ऐकून लिहिलंय. सहा-सात तास चित्रात बुडून वर आले की मलाही ते परक्याचं वाटतं, खाली सही माझी असते आणि हात दुखत असतो एवढाच पुरावा. त्या तासांत मी कुठं असते? स्वतःत तर नक्कीच नसते. भूक नाही, तहान नाही, नाव नाही. रेघ असते. हा जो 'स्व' आमच्या नावापुढं लावलाय तोच तर त्या वेळी जागेवर नसतो. मला नुसतं 'मग्न' म्हणा, मी आनंदाने ओ देईन.

रात्रीची लॉज बदलली.

शुक्रवार : अजिंठा

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पहिल्या बसने वर. वाघूर नदी घोड्याच्या नालेच्या आकारात वळते आणि त्या वळणाच्या कड्यात तीस लेणी. जानेवारीत नदीत डबकीच उरतात. सकाळी शाळांच्या सहली यायच्या आत पहिलं लेणं मिळालं.

आत अंधार, अनवाणी पायाला गार दगड. डोळे सरावायला वेळ लागतो आणि बरेच लोक तेवढ्यात बाहेर पडतात. मी भिंतीपासून दोन हातांवर उभी राहिले आणि बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू वर आला. पाचव्या शतकाच्या शेवटाकडचं, वाकाटकांच्या काळातलं चित्र. दगडावर माती आणि काडीकचऱ्याचा लेप, त्यावर चुन्याचा हात, त्यावर रंग. अजिंठ्यात निळा आहे तो लाजवर्द, पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला दगड कुटून केलेला. भुवई एका दमात ओढली आहे. हातात कमळ, मान कललेली, आणि डोळे खाली.

डोळे खाली. तो माझ्याकडं बघत नव्हता. पंधराशे वर्षांत त्याने कुणाकडंच बघितलेलं नाही, आणि जगातल्या सगळ्या पुस्तकांत त्या नजरेला करुणा म्हणतात.

तिसरीत असताना माझं बाकडं रस्त्याकडच्या खिडकीला होतं, वर पत्रे. रिक्षाचे भोंगे, पत्र्यांची कडकड, उन्हाची तिरीप. मला अक्षर दिसायचं नाही. आईने शाळेत जाऊन विनवलं होतं, हिचं बाकडं तेवढं भिंतीकडं फिरवा. सर म्हणाले, एकीसाठी फिरवलं तर सगळ्यांसाठी फिरवावं लागेल, लाड करू नका. आणि मला म्हणाले, वर बघ, माझ्या डोळ्यांत बघून बोल. डोळ्यांत बघितलं की मला ऐकू येणं बंद होतं, कान आणि डोळे एका वेळी चालत नाहीत. हे सांगता आलं नाही. छडी खाल्ली. घरी आल्यावर आईनेही मारलं, मास्तरांसमोर मान खाली घालायला लावलीस म्हणून. पुढं मी युक्ती शिकले, समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं. तीस वर्षं तशी बघत आले. अशा सोंगाला इंग्रजीत मास्किंग म्हणतात, आणि त्याने संध्याकाळपर्यंत माणूस पिळून निघतो.

पद्मपाणीला मी ऑटिस्टिक म्हणत नाही. मेलेल्या माणसांना, चित्रांना, संतांना आजची निदानं चिकटवणं मला आवडत नाही. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं या लेण्यांत बसून चित्रांच्या नकला करत होता, आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याच्याबद्दलही लोक विचारतात, तो तसा होता का? मला त्याच्या नकलांचं वाईट वाटतं, बाकी ठाऊक नाही. माझा मुद्दा पद्मपाणीच्या चित्रकारापुरता आहे. खाली झुकलेल्या नजरेत माणूस हजर असू शकतो, हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या लेण्यात छताकडं बघत बसले. वर्तुळात वर्तुळं आणि एका पट्ट्यात हंसांची रांग, एकही दुसऱ्यासारखा नाही. एकाची मान मागं वळलेली, एक चोचीने पंख खाजवतोय. कितवा हंस काढत होते कोण जाणे, तेवढ्यात एक मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला, सहलीतला, नऊ-दहा वर्षांचा. बोटं कानात घातलेली. त्याच्या बाईंनी त्याला दोनदा हाक मारली. मी हेडफोन काढून त्याच्यापुढं धरला. त्याने घातला, छताकडं बघितलं, आणि म्हणाला, "तो चौथा उलटा चाललाय." मला तो दिसलाच नव्हता. बाईंना मी सांगितलं की पाच मिनिटं इथं बसू दे, मी लक्ष ठेवते. त्यांनी बसू दिलं. त्यांचे आभार मानायचे राहिले.

शनिवार : औंढा नागनाथ

जालना, मंठा, जिंतूर. मंठ्याच्या अलीकडं एका शेतकऱ्याने आगटी पेटवली होती. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी. हुरडा मला आवडतो कारण तो तळहातावर चोळताना प्रत्येक दाणा कळतो.

औंढा हा तेरच्या गोष्टीचा पुढचा भाग. कच्चं मडकं ठरलेले नामदेव गुरूच्या शोधात इथं आले. विसोबा खेचर देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय काढा म्हटलं तर विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं तूच नेऊन ठेव. नामदेव पाय फिरवत गेले आणि अशी जागा सापडेना. नामदेवांचं नरसी याच हिंगोली जिल्ह्यातलं. आणि इथलीच म्हणून सांगतात ती दुसरी गोष्ट: नामदेव देवापुढं कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना उठवून मागं घालवलं. ते मागं जाऊन गात राहिले, आणि देऊळ त्यांच्याकडं फिरलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला, म्हणून औंढ्याला तो देवळाच्या मागं आहे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, त्यातल्या एकात देऊळ फिरल्याचं ते स्वतः सांगतात, शिंप्याच्या जातीचा म्हणून उठवलं हेही सांगतात. ते उठवणं जातीचं होतं. माझं दुखणं त्याच्याशेजारी मांडून मी सारखं म्हणणार नाही. पण मागं पाठवलेल्या माणसाची ही गोष्ट आमच्याच मातीत आहे, आणि तिच्यात 'नामदेवाने बदलावं' असं कुणी म्हटलेलं नाही, एवढं मला धरून ठेवायचं आहे.

पिंडी खाली भुयारात. अरुंद पायऱ्या, आत माणसाला माणूस चिकटलेला. मी वरूनच हात जोडले. आई रांगेत गेली. मी देवळाला वळसा घालून मागं आले. तिथं दोन म्हाताऱ्या वाती वळत होत्या, एक कुत्रं ऊन खात पडलं होतं. मी नंदीपाशी सावलीत बसून तो वहीत काढायला घेतला, मागच्या बाजूने.

अर्ध्या तासाने आई आली. घामाघूम, कपाळाला भस्म. माझ्या शेजारी टेकली, मांडीवर पदर पसरून पेढा मोडला, अर्धा मला दिला. हात माझ्या डोक्याकडं निघाला होता, मधेच थांबला आणि वहीच्या कडेवर टेकला. देवळाच्या पाठभिंतीकडं ती बघत राहिली, जिथं एकेकाळी समोरचं दार होतं असं म्हणतात.

"एवढं देऊळ फिरलं," ती म्हणाली, "अन् त्या मास्तरला एक बाकडं फिरवता आलं नाही."

मी काही बोलले नाही. तिने डोळे पुसले, पदर झटकला, उठली. "चल, भाऊ गाडीपाशी वाट बघायलाय."

"नंदीचं शेपूट राहिलंय," मी म्हटलं.

"काढ मग," म्हणाली, आणि पुन्हा खाली बसली.